कोंबडखताचा मालक कोण?

उन्हाळा संपत आला की पुणे जिल्ह्यात शिरूर, जुन्नर, दौंड या तालुक्यांतल्या रस्त्यांवरून कोंबडखताच्या खेपा सुरू होतात. अंड्यांसाठी पाळलेल्या, म्हणजे लेअर जातीच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांखाली महिनोन्‌महिने साठलेली विष्ठा खरवडून ट्रॅक्टरमध्ये भरली जाते, शेतकरी ती खेपेच्या भावाने घेतो, बांधावर ओतून ठेवतो आणि पहिला पाऊस पडून वाफसा येण्याची वाट पाहतो. त्या ढिगाच्या शेजारी राहणाऱ्यांना पुढचे काही आठवडे एका हाताने माश्या वारत दुसऱ्या हाताने जेवावे लागते. मग ग्रामसभेत ठराव होतो, तहसीलदारांकडे निवेदन जाते आणि गावात दोन तट पडतात. कोंबडीवाला म्हणतो, माल मी विकला, आता तो माझा नाही. शेतकरी म्हणतो, हे खत आहे, घाण नव्हे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, आणि शेडचे फाटक ते शेताचा बांध या टप्प्यात त्या ढिगाला प्रत्यक्षात कोणीच मालक उरत नाही.

या लेखातला मुद्दा तेवढाच आहे. कोंबडखत चांगले की वाईट, हा वाद निष्फळ आहे. ते मुरवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. आणि माझ्या मते तो कोंबड्या पाळणाऱ्याने, पर्यायाने अंडी खाणाऱ्या आपण सर्वांनी सोसायला हवा. कच्चे कोंबडखत शेडच्या आवाराबाहेर जाऊच नये, अशी तरतूद महाराष्ट्राने करावी आणि ती अमलात आणण्यासाठी मुदत व पैसा दोन्ही द्यावे.

आधी वस्तू समजून घेऊ. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. शरीरातले जादा नत्र ते युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात, आणि विष्ठेवरचा पांढरा थर तो हाच. ओल मिळाली की सूक्ष्मजीव त्याचा आधी युरिया आणि मग अमोनिया करतात. म्हणजे डोळे चुरचुरवणारा जो वास आपण दुर्गंधी म्हणून नाकारतो, तो शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या नत्राचा हवेत चाललेला धूर असतो. कृषीच्या पाठ्यपुस्तकांत शेणखतात नत्र, स्फुरद आणि पालाश सुमारे ०.५, ०.२ आणि ०.५ टक्के, तर कोंबडखतात ३.०३, २.६३ आणि १.४ टक्के दिलेले असते. हे आकडे वाळलेल्या खताचे आहेत. ताज्या विष्ठेत तीनचतुर्थांश पाणीच असते. लेअर आणि मांसासाठी पाळलेला ब्रॉयलर यांच्या खतातही फरक आहे. ब्रॉयलर तुसाच्या गादीवर वाढतो, त्यामुळे त्याच्या खतात कर्ब (कार्बन) आपोआप मिसळलेला असतो. लेअर पिंजऱ्यात असते, तिच्या खाली निव्वळ विष्ठा साठते. शिवाय अंड्याच्या कवचासाठी तिच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम, म्हणजे बहुतांशी चुनखडीची भुकटी घातलेली असते आणि त्यातला जो भाग कवचात जात नाही तो खतात उतरतो. हा चुना पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

शेतकरी कोंबडखत घेतो ते पीक आठवड्याभरात काळेभोर दिसते म्हणून, म्हणजे नत्रासाठी. पण रुपयांचा हिशेब वेगळेच सांगतो. निंबोळीचे आवरण आणि कर धरून युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे अनुदानित नत्र किलोला साधारण तेरा रुपये पडते. नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या डीएपी या रासायनिक खताच्या १,३५० रुपयांच्या ५० किलो गोणीतून नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरद किलोला पन्नास रुपयांच्या वर जाते. या भावाने एक टन वाळलेल्या कोंबडखतातले नत्र चारशे रुपयांचेही भरत नाही, स्फुरद मात्र जवळपास चौदाशे रुपयांचे भरते. आपला देश स्फुरदाच्या खतांसाठी आणि त्यांच्या कच्च्या मालासाठी मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे, हे लक्षात घेतले तर बांधावरचा तो ढीग किती मोलाचा आहे ते कळते. आणि तो पावसात वाहून गेला तर नुकसान कोणाचे, हेही.

हे स्फुरद येते कुठून? कोंबडीच्या खाद्यात मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड असते. सोयाबीन लातूरकडच्या, विदर्भातल्या किंवा मध्य प्रदेशातल्या कोरडवाहू रानातून येते. धान्यातले बरेचसे स्फुरद फायटेट नावाच्या रूपात बांधलेले असते आणि कोंबडीला ते नीट पचवता येत नाही. त्यामुळे ते तसेच खाली पडते. मराठवाड्याच्या मातीतून उचललेले स्फुरद असे पुणे जिल्ह्यातल्या बागायती शेतांवर येऊन साठते, आणि मराठवाड्यातला शेतकरी पुन्हा डीएपीच्या गोणीसाठी दुकानासमोर उभा राहतो. फायटेट फोडणारे फायटेज हे विकर (एन्झाइम) खाद्यात घालण्याची व्यापारी सुरुवात १९९१ साली नेदरलँड्समध्ये झाली. तिथेच व्हावी हे स्वाभाविक होते, कारण जमिनीच्या मानाने जनावरे आणि कोंबड्या फार झाल्या की काय होते, हे त्या देशाने सर्वांत आधी भोगले आहे.

त्याच वर्षी युरोपीय समुदायाने नायट्रेटविषयक निर्देश काढला. त्यानुसार प्रदूषणाचा धोका असलेल्या क्षेत्रांत जनावरांच्या खतातून एका हेक्टरला वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. डच कोंबडीवाल्यांना आपल्या खताला पुरेल एवढी जमीन देशात मिळेना. त्यांनी पिंजऱ्यांखालच्या सरकत्या पट्ट्यावर वाळवलेले खत शेजारच्या देशांत धाडले, आणि २००८ पासून मुर्डाइक इथल्या वीज केंद्रात दर वर्षी चार लाख टनांहून अधिक कोंबडखत जाळले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये सफक परगण्यातल्या आय या गावी असे केंद्र त्याआधीच, १९९२ मध्ये, सुरू झाले होते. राखेत स्फुरद आणि पालाश उरते आणि ते खत म्हणून विकलेही जाते. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र धुराड्यातून निघून जातात. या केंद्रांचे आपल्याकडे अधूनमधून कौतुक होते. मला ती हार मानल्याची खूण वाटते. ज्या जिल्ह्यात उसाच्या सलग पिकांखाली सेंद्रिय कर्ब खालावत चालला आहे, तिथे सेंद्रिय पदार्थ जाळून वीज करणे म्हणजे घरातले धान्य विकून पीठ उसने आणण्यासारखे आहे.

दुसऱ्या टोकाला पश्चिम आफ्रिका आहे. आफ्रिकी देशांच्या नेत्यांनी २००६ मध्ये अबुजा इथे जमून रासायनिक खतांचा वापर २०१५ पर्यंत हेक्टरी ५० किलोपर्यंत नेण्याचा संकल्प केला होता. बहुतेक देश तिथवर पोचले नाहीत. घानातल्या कुमासी शहराच्या आत आणि भोवती नाल्याकाठच्या तुकड्यांवर लेट्यूस, कोबी, कांदापात पिकवणारे शेतकरी त्यामुळे शहरालगतच्या कोंबडीफार्मांच्या खतावर अवलंबून असतात. तिथे कोंबडखत नको झालेले नाही, ते हवे आहे. पण ते बहुधा पुरते न मुरलेलेच वाफ्यात पडते, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर नाल्याच्या पाण्याबरोबर त्यातलेही जंतू चढतात. आपल्याला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार ज्या पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागतो त्याच्या काढणीआधी किमान १२० दिवस, आणि इतर पिकांच्या आधी किमान ९० दिवस, कच्चे खत मातीत मिसळलेले असावे लागते. आपली मेथी आणि कोथिंबीर महिना-दीड महिन्यात काढणीला येते. ज्या वाफ्यात कोंबडखत टाकून लगेच कोथिंबीर पेरली, ती कोथिंबीर मार्केट यार्डातून आपल्या मिसळीवर पोचते तेव्हा त्या १२० दिवसांतले निम्मेही गेलेले नसतात.

माश्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा दाखला बोलका आहे. पर्थ शहराच्या भोवतालच्या वाळूच्या पट्ट्यात भाजीपाला पिकवणारे शेतकरी पूर्वी लेअर आणि ब्रॉयलर दोहोंचे कच्चे खत सर्रास वापरत. त्यावर जनावरांना आणि माणसांना चावणारी एक माशी इतकी माजली की तिथल्या सरकारला अनेक भागांत कच्च्या कोंबडखताच्या वापरावरच निर्बंध घालावे लागले. आपल्याकडची घरमाशी चावत नाही, पण उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला तिला आठ-दहा दिवस पुरतात, आणि ओलसर विष्ठेइतकी सोयीची जागा तिला दुसरी नाही. खत वाळले तर अळ्या जगत नाहीत. म्हणजे माश्यांचा प्रश्न मुळात ओलीचा आहे. पिंजऱ्यातले गळके पाण्याचे निपल आणि पावसात उघडा ठेवलेला ढीग ही त्याची दोन कारणे. फवारणी करून अळ्या मारता येतात खऱ्या, पण ढीग ओला राहिला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा फवारावे लागते.

या सर्वांत आपल्याला सर्वांत उपयोगी धडा जपानचा आहे, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. दाट वस्ती, लहान शेते आणि भरपूर पाऊस या तिन्ही बाबतींत तो देश आपल्याला जवळचा आहे. जपानने १९९९ मध्ये जनावरांच्या मलमूत्राच्या व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात खताचे उघडे ढीग घालायला आणि जमिनीत नुसते खड्डे खणून ते साठवायला बंदी केली. साठवणीच्या जागेला पाणी न झिरपणारी जमीन, वर छप्पर आणि बाजूंना आडोसा सक्तीचा केला. कोंबड्यांच्या बाबतीत हा नियम २,००० पक्ष्यांपासून पुढे लागू झाला. पण कायद्याची पूर्ण अंमलबजावणी नोव्हेंबर २००४ पासून, म्हणजे पाच वर्षांनी झाली, आणि मधल्या काळात सरकारने बांधकामासाठी मदत व कर्जे दिली. मुरवलेले कोंबडखत आज तिथे पिशव्यांत भरून बागकामाच्या दुकानांत मिळते, आणि पिशवीवर नत्र, स्फुरद, पालाशाचे प्रमाण छापलेले असते. त्या छापील ओळीमुळे एक गोष्ट आपोआप घडते: पिशवी भरणारा त्या खताचा मालक ठरतो.

आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोंबडीफार्मविषयक मार्गदर्शक सूचना आहेत, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० च्या आदेशानंतर त्या अधिक कडक झाल्या. परंतु सूचना फार्मकडे पाहतात, आणि तक्रार फार्मपासून दहा किलोमीटरवरच्या बांधावरून येते. उलट बाजूने, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी ओलावा, कर्ब-नत्र गुणोत्तर, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. ट्रॅक्टरच्या खेपेने सुटे विकल्या जाणाऱ्या कोंबडखताला व्यवहारात असे कोणतेही माप लावले जात नाही. खेप किती वजनाची, त्यात पाणी किती आणि माती किती, हे घेणारा डोळ्यांनी ठरवतो.

आणि इथेच शेतकऱ्याचेही चुकते. समजा एखाद्याने कांद्याच्या एका एकरात वाळलेल्या खताच्या तीन-तीन टनांच्या दोन ट्रॉल्या टाकल्या. हेक्टरी हिशेबाने ते पंधरा टन झाले, म्हणजे सुमारे ४५० किलो नत्र आणि ३९० किलो स्फुरद. कांद्यासाठीची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरदाची आहे. नत्रातला बराचसा भाग पहिल्या वर्षी उपलब्ध होत नाही आणि काही उडून जातो हे मान्य केले, तरी स्फुरद जवळपास आठपट पडले, आणि स्फुरद उडून जात नाही. दर वर्षी हाच प्रकार चालू राहिला की जमिनीत साठलेले स्फुरद लोह आणि जस्त पिकाला मिळू देत नाही. त्यात वर उल्लेखलेला चुना. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या वर. तिथे उसावर केवडा, म्हणजे लोहाअभावी येणारा पानांचा पिवळेपणा, पडलेला कोणी पाहिला नसेल असे नाही. अशा जमिनीत लेअरच्या खतातला चुना काही कामाचा नाही. तोच चुना मावळ, मुळशी, वेल्हे इथल्या आणि घाटाखालच्या कोकणातल्या आम्ल, तांबड्या जमिनींना मात्र हवा असतो. फार्म पूर्वेला, चुन्याची गरज पश्चिमेला, आणि मध्ये पाण्याने जड झालेल्या मालाचे वाहतूकभाडे. म्हणून खत आहे तिथेच वाळवून आणि मुरवून हलके करणे हा केवळ वासावरचा उपाय नव्हे. तसे केल्याशिवाय ते जिथे उपयोगी आहे तिथे पोचूच शकत नाही.

मुरवायचे कसे, हे गूढ नाही. लेअरच्या विष्ठेत कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर दहाच्याही खाली असते, म्हणून एकटी कुजायला ठेवली तर नत्र अमोनिया होऊन उडते. ते धरून ठेवायला कर्ब लागतो, आणि कर्ब आपल्या शेजारच्या फडात पडलेला असतो. उसाच्या एका हेक्टरमधून आठ ते दहा टन पाचट, म्हणजे वाळलेला पाला, निघते. त्याचे गुणोत्तर शंभराच्या आसपास असते. तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यात ते आच्छादन म्हणून ठेवणे सर्वांत उत्तम, परंतु अजूनही कित्येक फड तोडणीनंतर पेटवले जातात. कोरड्या वजनाने एक भाग विष्ठेला दोन भाग पाचट घातले तर मिश्रणाचे गुणोत्तर पंचविसाच्या जवळ येते, जे कंपोस्टला हवे असते. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमांत अशा मिश्रणाच्या लांबट ढिगाचे तापमान पंधरा दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहावे आणि तेवढ्या काळात तो पाच वेळा उलथावा अशी अट आहे. त्या उष्णतेत साल्मोनेलासारखे रोगजंतू, माश्यांच्या अळ्या आणि तणाचे बी बहुतांशी मरते. मुरल्यावर ढीग मातीसारखा वास देऊ लागतो. म्हणजे एका शेतात पाचट जळत असते, शेजारच्या शेतात कोंबडखत सडत असते, आणि दोन्हींचे औषध परस्परांतच असते. त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था मात्र नाही.

माझ्या गच्चीवरच्या कढीलिंबाला मी दोन वर्षांपूर्वी वाळलेले पण न मुरलेले कोंबडखत घातले आणि आठ दिवसांत त्याच्या पानांच्या कडा करपल्या. ‘सेंद्रिय’ या शब्दावर मी भाबडेपणाने विश्वास ठेवला, ही माझी चूक. शहरातल्या बागप्रेमींना हा शब्द फार प्रिय आहे, म्हणून इतकेच नोंदवतो की युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत बंदिस्त कारखानी पद्धतीच्या फार्ममधून आलेले खत चालत नाही.

आता आक्षेप. पहिला असा, की नद्या नासतात त्या पुण्याच्या सांडपाण्याने. उजनीच्या जलपर्णीचे खापर कोंबड्यांवर का फोडायचे? हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि शहरातल्या माणसाने खेड्यातल्या वासाबद्दल बोलताना आधी मुळा-मुठेच्या काठी उभे राहावे, हे मला मान्य आहे. पण एका गळतीमुळे दुसरी माफ होत नाही. घोड आणि मीना या नद्यांचे पाणीही शेवटी भीमेतून उजनीतच जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दहा हजार पक्ष्यांचा लहान कोंबडीवाला फरशी, छप्पर आणि ढीग उलथायचे यंत्र यांचा खर्च कुठून करणार? रोज एक टनाहून अधिक ताजी विष्ठा त्याला हाताळावी लागते, आणि अंड्याचे भाव त्याच्या हातात नसतात. सक्ती नुसतीच आली तर तो बुडेल आणि लाख-लाख पक्ष्यांचे फार्म तेवढे टिकतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच जपानप्रमाणे मुदत हवी, आणि लहान फार्मांसाठी तालुक्याच्या पातळीवर सामाईक कंपोस्ट केंद्र हवे, जिथे पाचटही येईल. पैशाची सोयही अपरिचित नाही: शहरी कंपोस्टला २०१६ मध्ये आणि गोबरधन योजनेतल्या बायोगॅस प्रकल्पांच्या खताला २०२३ मध्ये केंद्र सरकारने टनामागे १,५०० रुपयांचे विक्रीसाहाय्य मंजूर केले होते. तपासलेल्या, पोत्यावर प्रमाण छापलेल्या कोंबडखताला ते का मिळू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही. कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे. पहिला प्रयोग याच जिल्ह्यात करणे त्याला अवघड जाऊ नये.

हे साहाय्य मिळाले नाही आणि सगळा भार अंड्यावरच टाकायचा झाला, तरी हिशेब करून पाहावा. एक लेअर दिवसाला सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे वर्षाला चाळीसेक किलो ताजी विष्ठा टाकते. पाचट मिसळून, मुरून, वाळून तिचे वीस किलो खत झाले असे धरू. टनाला १,५०० रुपयांप्रमाणे त्याचा खर्च तीस रुपये. तेवढ्या वर्षात ती सुमारे तीनशे अंडी घालते, म्हणजे अंड्यामागे दहा पैसे. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते तो दर शेकड्यामागे पाच-दहा रुपयांनी, म्हणजे अंड्यामागे पाच-दहा पैशांनी, एका रात्रीत हलतो, आणि सकाळी भुर्जीच्या गाडीवर त्याची कोणी चौकशीही करत नाही.